हक्कसोडीची साक्षीदार

राजकन्या वकील झाली ती प्रवेश घेतला त्याच दिवशी. कॉलेजनं अजून ओळखपत्रसुद्धा दिलं नव्हतं. पण अहमदपूरपासून अर्ध्या तासावरच्या तिच्या गावात बातमी तिच्याआधी पोचली आणि एसटीतून उतरल्या उतरल्या पानटपरीवरच्या माणसांनी तिला ‘वकीलबाई’ करून टाकलं. तिचे वडील लक्ष्मणराव अहमदपूरच्या मोंढ्यात मापाडी. जन्मभर दुसऱ्यांचं सोयाबीन मापलेला हा माणूस स्वतःबद्दल कधी चार शब्द बोलला नसेल, पण त्या आठवड्यात तोही ताठ मानेनं फिरत होता. तीन वर्षांचा अभ्यास, परीक्षा, सनद, सगळं गावानं एका दमात उरकून टाकलं. राहिली होती फक्त राजकन्या, आणि तिला यातलं अजून काहीच येत नव्हतं.

कॉलेज नांदेडला आणि राहणं अर्धापूरला, मामाकडे. हनुमंतमामाची केळीची बाग होती, घर मोठं होतं आणि माणूस मनानं त्याहून मोठा. भाचीला हॉस्टेलवर ठेवायचं म्हटल्यावर तो रागावलाच. रोज सकाळी मामी डबा भरून द्यायची, राजकन्या एसटीनं नांदेडला जायची आणि वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची.

तिथं तिचे हाल सुरू व्हायचे. सर इंग्रजीतून कलमं वाचत, मधूनच मराठीत ‘समजलं ना?’ विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढं जात. पुढच्या बाकावर लातूरची अक्षरा बसायची. तिचे वडील वकील, आजोबा वकील. तिच्या तोंडून कलमं अशी निघत, जशी बाकीच्यांच्या तोंडून पाढे. राजकन्यानं बी.ए. मराठीतून केलेलं. पुस्तकातलं एक पान वाचायला तिला तास लागायचा आणि तासानं ते पान पुन्हा कोरं वाटायचं. एकदा वर्गात खोटा खटला चालवायचा होता. ती उभी राहिली, ‘माननीय न्यायालय’ एवढं म्हणाली आणि पुढं आवाजच फुटला नाही. कुणी हसलं नाही, सरांनी नुसतं ‘बसा’ म्हटलं. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

आणि तरी गावात गेलं की ती वकीलबाईच. पोटापाण्याच्या, बांधाच्या, सुनेच्या, शाळेच्या दाखल्याच्या, सगळ्या अडचणी लोक तिच्यासमोर आणून ठेवत. खरं तर हात जोडून ‘मला येत नाही’ म्हणायला हवं होतं. पण वर्गात जिला कुणी विचारत नाही तिला गावात खुर्ची दिली जाते, चहा दिला जातो, तेव्हा ‘मला येत नाही’ हे वाक्य घशात अडकतं. दिवाळीच्या सुट्टीत शेजारचे नरसिंगकाका एक नोटीस घेऊन आले. त्यांच्या शेतातून रस्ता हवा म्हणून बाजूच्या शेतकऱ्यानं तहसीलमध्ये अर्ज केला होता आणि काकांना तारखेला बोलावलं होतं. राजकन्यानं कागद उलटसुलट करून बघितला. नोटिशीवर गोल शिक्का नव्हता. शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नसते, असं तिनं कुठंतरी अर्धवट ऐकलं होतं. ती म्हणाली, या कागदाला अर्थ नाही, जाऊ नका.

काका गेले नाहीत. त्यांच्या माघारी निकाल लागला आणि उभ्या तुरीतून रस्ता निघाला. काकांनी गावात कुणालाही सांगितलं नाही की सल्ला कुणाचा होता. फक्त त्यानंतर ते तिला वकीलबाई म्हणेनासे झाले. पहिल्यासारखं ‘राजकन्या’ म्हणून हाक मारू लागले. शिव्या दिल्या असत्या तर ती रडून मोकळी झाली असती. त्या साध्या हाकेनं मात्र ती पार खचली.

पुढं पहिल्या सहामाहीचा निकाल लागला. करार कायद्याचा पेपर राहिला. तिनं घरी सांगितलं नाही, मामाकडंही नाही. स्वतःशी मात्र एक ठरवून टाकलं: सनद मिळेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. आपलं तोंड उघडलं की कुणाचं तरी शेत जातं.

अशा वेळी माय अर्धापूरला यायची होती.

राजकन्याचे आईकडचे आजोबा आप्पासाहेब मागच्या वर्षी वारले. आजी त्यांच्या आधीच गेलेली. वारसांची नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर हनुमंतमामाबरोबर त्याच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे राजकन्याच्या मायचं, कावेरीबाईचं नाव लागलं. मग आपल्याकडे जे होतं तेच होणार होतं. बहिणीनं रजिस्ट्री ऑफिसात यायचं, हक्कसोड करून द्यायची, भावानं तिला साडीचोळी करायची, पुरणपोळीचं जेवण घालायचं आणि माहेरचं दार जन्मभर उघडं ठेवायचं. यात कुणी कुणाला विचारत नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. मामानंही विचारलं नव्हतं. त्यानं फोन करून फक्त तारीख सांगितली होती.

राजकन्या मायला आणायला नांदेडच्या स्टँडवर गेली. अर्धापूरच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. खिडकीतून बाहेर बघत मायनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की कायद्यात काय सांगितलंय. राजकन्या म्हणाली, मुलीचाही मुलाएवढाच हिस्सा असतो. माय ‘हाव? खरंच?’ म्हणाली. मग तिनं पारूबाईची गोष्ट काढली. गावातल्या या बाईनं भावाकडं वाटा मागितला आणि घेतला. पुढं तिच्या लेकीच्या लग्नात मामाच्या जागी उभं राहायला कुणी आलं नाही. अंतरपाटामागं नवरी उभी आणि मामाची जागा रिकामी, हे सगळ्या मांडवानं बघितलं. माय हे सांगत होती आणि राजकन्याला कळत होतं की आपलंही लग्न व्हायचं आहे.

‘‘तुला काय वाटतं?’’ मायनं विचारलं.

राजकन्याला खूप काही वाटत होतं. आजोबांच्या शेतात माय लहानपणी केळीला पाणी द्यायची, आजी आजारी पडली तेव्हा चार महिने तिनंच केलं, हे सगळं तिच्या ओठांवर होतं. पण तिला नरसिंगकाकांची तूर दिसली, आपण नापास झालो तो पेपर दिसला आणि मामीनं सकाळी भरून दिलेला डबा मांडीवरच होता.

‘‘मी अजून पहिल्याच वर्षाला हाय, माय,’’ ती म्हणाली. ‘‘मोठ्या वकिलाला इचारावं लागंल.’’

माय पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

रजिस्ट्री ऑफिसात मामा आधीच येऊन बसला होता. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, शेजारी साडीच्या दुकानाची पिशवी. बहिणीला बघून तो उठला आणि तिच्या पाया पडला. त्यात नाटक नव्हतं. लक्ष्मणराव दवाखान्यात होते तेव्हा हाच माणूस बारा दिवस त्यांच्या उशाशी बसला होता. वाईट माणसासमोर बोलायला फार तर धीर लागतो. अशा भल्या माणसासमोर काय लागतं ते राजकन्याच्या पुस्तकात नव्हतं.

दस्त लिहिणाऱ्यानं कागद तयार ठेवले होते. एक साक्षीदार मामाचा शेजारी चन्नबसप्पा. दुसऱ्याला यायला उशीर होत होता. मामाच्या चेहऱ्यावर एकदम कौतुक उमटलं. घरात वकील असताना बाहेरचा माणूस कशाला, असं म्हणून त्यानं भाचीला पुढं केलं. दस्तवाल्यानंही मान डोलावली, आधार कार्ड मागितलं आणि राजकन्याचं नाव साक्षीदाराच्या रकान्यात लिहून टाकलं. नाही म्हणायला तिला सवडच मिळाली नाही. खरं सांगायचं तर सवड होती, तिनं घेतली नाही.

‘‘वाचून दाखव मायला,’’ मामा म्हणाला. ‘‘मंग सही. उगं अंधारात काय नको.’’

राजकन्यानं वाचलं. गट नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या, वाचता वाचता त्या वाक्याशी आली: सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय आणि कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे. वर्गात याच गोष्टीवर सरांनी तीन दिवस घालवले होते. संमती मोकळी हवी, धाकानं घेतलेली नको, कुणाच्या दबावाखालची नको. तो प्रश्न पेपरात आला होता आणि तिनं पाठ केलेलं अर्धं उत्तर लिहिलं होतं. आज उत्तर समोर बसलं होतं, डोक्यावरचा पदर सारखा करत. दडपण कुणाचंच नव्हतं. मामाचं नव्हतं, मामीचं नव्हतं. नुसती पद्धत होती. पद्धतीला कोणतं कलम लागतं, हे तिला आठवेना. ती ते वाक्य जसं होतं तसं वाचून पुढं गेली.

नंबर लागला. आत खुर्चीवरच्या साहेबानं मायचा फोटो घेतला, अंगठा घेतला आणि रोज विचारतात त्या आवाजात विचारलं, ‘‘सगळं समजून, स्वखुशीनं सही करताय ना मावशी?’’

मायनं साहेबाकडं बघितलं नाही, भावाकडंही नाही. तिनं मान वळवून राजकन्याकडं बघितलं. चांगले दोन-चार श्वास बघत राहिली. साहेबानं पेन टेबलावर वाजवलं. राजकन्यानं नजर खाली घातली आणि आपल्याला सही कुठं करायची आहे ते कागदावर शोधू लागली.

‘‘हाव,’’ माय म्हणाली.

तिनं एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. त्याखाली चन्नबसप्पानं सही केली, त्याखाली राजकन्यानं. कायद्याच्या कागदावरची ही तिची पहिली सही.

दुपारी मामाकडे पुरणपोळीचं जेवण झालं. मामीनं मायची ओटी भरली, हिरवी साडी तिच्या हातात दिली. मामा म्हणाला, अक्का, मी जिवंत हाय तवर तुला कशाला कमी पडू देनार न्हाई. माय हसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. सगळं रीतीप्रमाणं, सगळं गोड. मामीनं आग्रहानं तूप वाढलं तेव्हा राजकन्याला तिथून उठून पळावंसं वाटलं.

संध्याकाळच्या गाडीला ती मायला नांदेडच्या स्टँडवर सोडायला गेली. अहमदपूरची गाडी लागायची होती. दोघी बाकावर बसल्या. राजकन्याला राहवलं नाही. ती म्हणाली, माय, तू माझ्यासाठी केलंस का? मी त्यांच्याकडं राहते म्हणून?

‘‘तसं न्हाई,’’ माय म्हणाली. ‘‘सही तर मी करनारच व्हते. भाऊ हाय माझा. जलमभर माझ्या पाठीशी उभा राहिलाय, त्याला न्हाई देनार तर कुनाला?’’

मग राजकन्याकडं न बघता ती पुढं म्हणाली, ‘‘पन त्या सायबानं इचारलं तवा मला वाटलं, तू एकदा तरी म्हनशील. त्याच्यासमोर, समद्यांसमोर. की माय, ह्ये तुझं हाय. मंग द्यायचं का ठिवायचं ते माझं मी बगितलं असतं. माझं व्हतं म्हनून मी दिलं असतं, बाई. आता काय, जे माझं कवाच नव्हतं त्याच्यावर सही करून आले.’’

राजकन्याला नरसिंगकाकांचं सांगायचं होतं, पेपर राहिल्याचं सांगायचं होतं, भीती वाटली असं सांगायचं होतं. गाडी लागली. माणसं दाराशी धावली. माय चढली, तिला खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा राजकन्या खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि वर्गात जो आवाज कधी फुटला नव्हता तो फुटला. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून बघितलं.

‘‘माय, ते तुझं व्हतं. अर्धं तुझं व्हतं.’’

गाडी हलली. मायनं खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

‘‘हाव,’’ ती म्हणाली. ‘‘पन आता कुनाला सांगायलीस?’’