न वाचता दिलेलं पुस्तक

शनिवारची सकाळची शाळा सुटून पोरं घरी जेवायला बसली असतील, त्या सुमाराला तेजराम गभणे अड्याळच्या वाचनालयात शिरला, तो चपला न काढताच.

"कुंताबाई, आमची टीना इथं आली होती का?"

कुंताबाई लांजेवार खिडकीशी बसून एका उसवलेल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होत्या. त्यांनी मान हलवली. "नाही जी. आज त सकाळची शाळा होती ना?"

"शाळेत गेलीच नाही ते. घरून गणवेश घालून निघाली, अना मधातच कुठी गेली त." तेजरामच्या मागे टीनाच्या वर्गातली अंजू उभी होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तेजरामने तिला खांद्याला धरून पुढे केलं. "सांग वं, मले सांगितलं ते मावशीले सांग."

अंजू पुटपुटली, "ते भंडाऱ्याच्या बसमधी बसली, मावशी. हैद्राबादले जातो म्हणे. बाबाले शोधाले."

"अना पुस्तकाचं?" तेजराम म्हणाला.

"पुस्तक बी संगं नेलं तिनं. तू गुरुवारी देल्लं होतं ते."

कुंताबाईंच्या बोटांना खळ तशीच राहिली. तेजरामचा आवाज चढला. "घर सोडून बापाले शोधाले जाणाऱ्या पोरीचं पुस्तक हाय म्हणते ते. खरं हाय का?"

"खरं हाय."

"मंग आमच्याच पोरीले काहून देल्लं? काय लिवलं हाय त्याच्यात? शेवटी काय होते त्या पोरीचं?"

शेवट कुंताबाईंना ठाऊकच नव्हता. कारण त्यांनी ते पुस्तक वाचलंच नव्हतं.

वाचनालय सांभाळायला आल्या तेव्हा कुंताबाई फार मोठ्या वाचक नव्हत्या. लग्नानंतर बारावी झालेल्या, रोवणीला धानाच्या बांधीत उतरणाऱ्या, चार घरच्या बायकांसारख्या बाई. पण रोज दार उघडून बसायचं म्हटल्यावर माणसाच्या एकेक गोष्टी ध्यानात येतात. सातवीपर्यंतची पोरं धावत यायची, कोल्ह्याच्या, राजाच्या गोष्टी न्यायची. आठवीत गेली की नाहीशी व्हायची. पोरी पुन्हा दिसायच्या त्या थेट लग्नानंतर, माहेरी आल्यावर, कडेवर लेकरू घेऊन. मधली पाच-सहा वर्षं ती कुठे जायची? मोबाईलमध्ये, आणि स्वतःच्याच डोक्यात. त्या वयाला द्यावं असं कपाटांत काही नव्हतं. एकीकडे इटुकल्या गोष्टी, दुसरीकडे जाडजूड कादंबऱ्या, आणि उरलेल्या जागेत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं.

तेव्हापासून त्यांचा शोध सुरू झाला. भंडाऱ्याला दवाखान्याच्या कामाने गेल्या तरी परतताना भैय्यालालच्या दुकानात डोकवायच्या. तिथे शाळेची गाईडंच जास्त, पण भैय्यालाल मनाचा चांगला. बाईंसाठी मागच्या फळीवर काहीबाही वेगळं काढून ठेवायचा. बाई ते घरी आणून चुलीशी बसून आधी स्वतः वाचायच्या. पहिल्या पहिल्यांदा चुकल्याही. एक छान चित्रांचं पुस्तक आणलं, तर अंजूने दुसऱ्याच दिवशी परत केलं. "मावशी, यातली पोरं कधीच रागवत नाहीत. असे कोण राहते?" त्यावर बाई हसल्या नाहीत, रात्रभर विचार करत राहिल्या. मग त्यांनी एकच कसोटी धरली. पुस्तक पोरांना शिकवायला बसतं की त्यांच्याशी बोलतं? बोलत असेल तर आणायचं. असं करत एक कपाट भरलं. मोठ्यांचं नाही, लहानांचं नाही, म्हणून पोरं त्याला 'मधलं कपाट' म्हणू लागली, आणि आठवीतली पोरं पुन्हा वाचनालयाची पायरी चढू लागली.

टीना त्यांतली सगळ्यात हावरी. आई लहानपणीच गेलेली. बाप भुपेंद्र हैद्राबादला इमारतींच्या कामावर गेला, सुरुवातीला फोन यायचे, मग आटले, मग नंबरच लागेनासा झाला. तेजराम तिचा मोठेबाबा, बापाचा थोरला भाऊ. त्याने तिला आपल्या लेकरांत लेकरू म्हणून वाढवलं होतं. गुरुवारी भैय्यालालकडचं पार्सल फोडलं तेव्हा ती समोरच उभी होती. तिने वरचंच पुस्तक उचललं, मागचा मजकूर वाचला आणि छातीशी धरलं.

"हे मले दे, मावशी."

"अवं, मी अजून वाचलं नाही."

"मीच वाचून तुले सांगतो ना!"

बाईंनी मागचा मजकूर वाचला होता. भुपेंद्रचंही त्यांना ठाऊक होतं. दोन्ही ठाऊक असून पोरीच्या चेहऱ्यावरची भूक पाहून त्यांनी हो म्हटलं होतं.

आता तेजराम त्यांच्याकडे पाहत उभा होता. बाईंनी पदराला हात पुसले. "पोलिसात सांगू आधी."

"नाही! पोरीच्या नावाचा गावभर बोभाटा होईन. मी जातो भंडाऱ्याले."

"हैद्राबादची गाडी नागपुरावरून, अना नागपूरची वरठीवरून. म्हणजे ते वरठीच्या स्टेशनवर जाईन, भंडाऱ्याले थांबणार नाही. मी येतो संगं. पण तिथं सापडली नाही, त मी तिथल्या पोलिसाले सांगीन. तुम्ही नाही म्हटलं तरी सांगीन."

तेजरामने मोटरसायकलला किक मारली. बाई मागे बसल्या.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान निसवायला, लोंब्या टाकायला आलं होतं. एरवी बाईंनी ते डोळे भरून पाहिलं असतं. आज त्यांना फक्त समोरून येणारी प्रत्येक बस दिसत होती आणि तिच्या खिडक्यांतले चेहरे. डोक्यात एकच घोळत होतं. त्या पुस्तकातल्या पोरीला बाप सापडतो का? सापडत असेल तर टीना कुणाचं ऐकणार नाही. नसेल सापडत, आणि टीनाने तेवढ्यातच वाचून संपवलं असेल, तर? एकटी पोर, अनोळखी स्टेशन, रूळ समोर. बाईंनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांना भैय्यालाल आठवला. चालत्या गाडीवरच त्यांनी फोन लावला. "दादा, परवाच्या पार्सलात ते बापाले शोधणाऱ्या पोरीचं पुस्तक होतं ना? आणखी प्रत हाय का तुमच्याकडं?"

"हाय ना बाई. एक का दोन?"

"एकबी नको! उघडा अना शेवट वाचून दाखवा. आत्ता. पाया पडतो तुमच्या."

वाऱ्यात पुढचं काहीच ऐकू येईना. "भाऊ, गाडी थांबवा."

"आता थांबायची वेळ हाय का?"

"थांबवा म्हणतो ना!"

तेजरामने मोहाच्या झाडाखाली गाडी लावली. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. भैय्यालाल पानं उलटत होता. त्याला मोठ्याने वाचायची सवय नव्हती, एकेक शब्द तो चाचपडत वाचू लागला. पोरगी परक्या शहरात पोचते. विचारत विचारत एका गल्लीत जाते. निळ्या दाराचं घर. दाराबाहेर बापाची चप्पल ती ओळखते, आणि तिच्या बाजूला एका लहान लेकराच्या चपला. ती हात वर करते, कडीला लावते.

भैय्यालाल थांबला.

"मंग? पुढं?"

"पुढं काही नाही, बाई. इथंच संपलं."

बाईंनी तेजरामकडे पाहिलं. तो गाडीवरून उतरून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. दोन्ही हात डोक्याला.

"कोण सांगितलं त्या लिवणाऱ्याले?" तो म्हणाला.

"काय जी?"

"लेकराच्या चपलेचं." त्याचा आवाज फाटला. "मी गेलतो गेल्या साली हैद्राबादले. घरी सांगितलं, लग्नाले जातो म्हणून. भुपेंद्र सापडला मले. दुसरी बाई केली त्यानं. लहान पोट्टं हाय. मले म्हणे, दादा, टीनाले काही सांगू नको, मी नाही तोंड दाखवू शकत. मी आलो अना चूप बसलो. पोरगी रोज विचारे, मी रोज म्हणो, येईन, येईन."

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. "उठा भाऊ," त्या म्हणाल्या. "ते दार तिनं एकटीनं वाजवण्याच्या आधी आपण पोचू."

वरठीचं फाटक बंद होतं. म्हणजे गाडी येत होती. तेजरामने मोटरसायकल तिथेच टाकली, दोघं फाटकाच्या बाजूने स्टेशनकडे धावत सुटली. बाईंचा पदर सुटला, चप्पल तुटली, ती त्यांनी हातात घेतली. तशाच त्या पुलाच्या पायऱ्या चढल्या. वरून दिसलं, गाडी फलाटाला लागलेली, माणसांची उतरायची चढायची घाई चाललेली, आणि बायकांच्या डब्याच्या दारात निळा गणवेश. टीनाने एक पाय आत ठेवला होता.

"टीना!" तेजराम ओरडला.

तिने मागे पाहिलं, ओळखलं आणि झटक्यात आत सरली. दारातली दांडी मात्र धरून राहिली. दोघं खाली पोचली तेव्हा सिग्नल हिरवा झाला होता.

"मी येत नाही," टीना म्हणाली. "तुम्ही कोणीच मले नेत नाही. मी एकटी जातो."

कुंताबाई तिचा हात धरून ओढू शकल्या असत्या. त्यांचा हात उठलाही होता. पण तेजराम पुढे झाला आणि डब्याच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "बेटा, मले मालूम हाय तो कुठी राहते."

भोंगा वाजला.

"मी भेटलो त्याले. मी खोटं बोललो तुह्यासंग. खाली उतर, सगळं सांगतो. तरी जायचं म्हणशील त मी तुले नेतो. तुह्या गळ्याची आण."

गाडीला हिसका बसला. टीना त्याच्या तोंडाकडे पाहत होती, जणू पहिल्यांदाच पाहतेय अशी. आणि मग तिने उडी टाकली. ती पडणार तोच बाईंनी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. तिघं फलाटावर तशीच उभी, आणि डबे बाजूने जात राहिले, जात राहिले.

बाकावर बसून तेजरामने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, लेकराचं नावही सांगितलं. टीना रडली नाही. समोरच्या रुळांकडे बघत ती एवढंच म्हणाली, "मले सांगाचं होतं ना, मोठेबाबा. मी काही लहान आहो का?"

कुंताबाईंनी विचारलं, विचारल्यावाचून त्यांना राहवलंच नसतं, "पुस्तकापायी निघालीस का तू?"

"नाही वं, मावशी. मी त पोळ्यापासूनच ठरवलं होतं." टीनाने दप्तरातून पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. "ते वाचलं त वाटलं, माह्यासारखी आणखी कोणीतरी हाय. एकटं जायाचं भेव वाटत होतं, म्हणून संगं घेतलं."

गावात व्हायची ती चर्चा झालीच. वाचनालयाचे अध्यक्ष यादोराव यांनी मधलं कपाट बंद करायचं ठरवून बैठक बोलावली. कुंताबाईंनी आपली चूक कबूल केली, पुस्तक न वाचता दिलं म्हणाल्या, पण कपाटाची किल्ली मागितली तेव्हा ती दिली नाही. तेजराम बोलावल्यावाचून तिथे आला आणि दारातूनच म्हणाला, "दोष पुस्तकाचा नाही, माहा हाय. आमच्या पोरीले आम्ही सांगितलं नाही ते पुस्तकानं सांगितलं." एवढं बोलून तो निघून गेला. यादोरावांनी चष्मा काढून पुसला आणि बैठक आवरती घेतली. कपाटाचा विषय त्या दिवशी तसाच राहिला आणि पुन्हा निघाला नाही.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला भुपेंद्र आला, एकटाच. टीनाने हैद्राबादचं पुन्हा नाव काढलं नव्हतं; तेजरामने त्याला फोनवर काय सांगितलं कोण जाणे. रात्रभर नाटक चाललं होतं, बापलेक शेजारी बसले होते, आणि कुंताबाईंनी लांबून पाहिलं, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. पण पोरगी उठून गेली नाही. सकाळी त्याने तिला आपला खरा नंबर दिला.

तो गेल्यावर टीना वाचनालयात आली. डोळे लाल होते, पण चाल नेहमीचीच.

"मावशी, आता कोणाच्या बापाचं नको," ती म्हणाली. "हासू येईन असं काही हाय का?"

कुंताबाई उठल्या आणि तिच्यासोबत कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या.