उरलेली स्प्रिंग

ईट गावच्या ज्ञानोबांना मुळात बोलायची सवयच नव्हती. उभी हयात फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, आणि घरी आल्यावर बायको सुमनबाई दोघांच्याही वाटचं बोलायच्या. त्या गेल्या आणि घरातलं बोलणंच आटलं. पुण्याहून मुलगा अमृत फोनवर एकच टुमणं लावायचा, की आता इकडं या. ज्ञानोबांचं उत्तर ठरलेलं असायचं. ज्या दिवशी काम चुकेल त्या दिवशी कुलूप लावून येतो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, जिथं कुत्रंही ओळख देत नाही अशा जागी म्हातारपण काढायच्या विचारानं त्यांना धडकी भरायची.

परवान्याची हत्यारं वर्षभर कपाटात पडून असतात. खंडेनवमी जवळ आली की मालकांना त्यांचा पुळका येतो, कारण पूजेत गंजकं हत्यार मांडलं तर पाहुण्यांत शोभा होते. तसे गावातले बागायतदार हिंमतराव आपली दोन जुनी पिस्तुलं ज्ञानोबांकडं देऊन गेले. दुरुस्तीचा परवाना पंचक्रोशीत त्यांच्याकडंच होता.

एका हत्याराला एक परात, हा ज्ञानोबांचा नेम. पण एकट्या माणसानं भांडी तरी किती घासायची? त्यांनी दोन्ही पिस्तुलं खोलून एकाच परातीत, रॉकेलमध्ये टाकली. मग पुसली, तेल दिलं, जुळवली. चाप ओढला, घोडा पडला, खटका बसला. सगळं झकास. आणि परातीच्या तळाशी एक स्प्रिंग उरली.

ज्ञानोबांनी दोन्ही पिस्तुलं पुन्हा खोलली. स्प्रिंग घोड्यामागची होती, एवढं ओळखू आलं. पण घोड्यामागं दोन्हींत एकेक स्प्रिंग होतीच, आणि दुसरीला तिथं जागाच नव्हती. मग ही आली कुठून? स्वतःच्या सामानातली म्हणावी तर तसली त्यांच्याकडं नव्हती. सवयीनं ते स्वयंपाकघराकडं वळून "अगं" म्हणाले, आणि स्वतःशीच खजील झाले.

जेवण गोड लागेना. अमृतचा फोन वाजला तो त्यांनी उचलला नाही. काय सांगणार होते? पोरानं नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं.

हिंमतराव पिस्तुलं न्यायला आले तेव्हा ज्ञानोबांनी आडपडदा ठेवला नाही. माझा हिशोब लागत नाही, म्हणाले, आता माझा भरवसा धरू नका, धाराशिवला कुणाला तरी दाखवा. हिंमतरावांनी स्प्रिंग चिमटीत धरून पाहिली आणि ते हसायला लागले.

"अवो, ही जादाची हाय. तुमीच ठिवली व्हती मुठीच्या लाकडाखाली. लई वर्षं झाली. म्या हितंच बसलो व्हतो. तुमी म्हणला, असलं सामान फुडं मिळायचं न्हाय, हत्यारासंगंच असू द्या. तर वहिनी चहा देता देता म्हणल्या, बायको बी अशीच जादाची दडवून ठिवलीया का कुठं?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. काम चुकलं नव्हतं, पुणं टळलं होतं. ज्ञानोबांनी खुशीत यायला हवं होतं. पण सुमनबाईंचं ते बोलणं त्यांना काही केल्या आठवेना. तिच्या आठवणींवरच तर ते दिवस ढकलत होते. तिचा शब्द न् शब्द आपल्यापाशी आहे, अशी त्यांची समजूत होती. आणि हा शब्द एवढी वर्षं दुसऱ्याच्या घरी राहिला होता. ज्ञानोबांना फार एकटं वाटलं.

हिंमतराव पिस्तुलं फडक्यात गुंडाळून उठले. पूजेची तयारी व्हायची होती. ज्ञानोबांनी त्यांचा हात धरला.

"बसा की. आनखी काय म्हणली ती?"

हिंमतराव घोटाळले. एवढंच ध्यानात आहे म्हणाले.

"सावकाश आठवा," ज्ञानोबा म्हणाले. "म्या चहा ठिवतो."