भाऊजींच्या तीन भेटी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, शाळेत भूगोल शिकवतात आणि सरकारनं नेमून दिलंय म्हणून आमच्या भागाची मतदार यादी तपासतात. दोन्ही कामं शक्यतो बसल्या जागेवरून. जगातल्या नद्या त्यांना तोंडपाठ आहेत, पण आमच्या इमारतीचा चौथा मजला त्यांनी आजवर पाहिलेला नाही. जिना दिसला की त्यांचा गुडघा दुखतो. जेवायचं आमंत्रण असलं की तोच गुडघा माझ्याकडे तीन मजले चढून येतो, हे मी बावीस वर्षं बघते आहे.

"माणूस वाईट नाही गं," असं ताई म्हणते. नसेलच. वाईट व्हायलाही थोडी मेहनत लागते.

त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा, यादी स्वच्छ असल्याचा. आपल्या यादीत एकही मेलेला माणूस नाही, घर सोडून गेलेला नाही, असं ते कुठल्याही घोळक्यात सुरू करतात. खरंच आहे ते. तिच्यात जिवंत माणसंही फारशी उरली नव्हती, एवढंच.

नियम साधा आहे. दार बंद दिसलं तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, आणि तिन्ही वेळा कुणी भेटलं नाही तरच नावापुढं 'राहत नाही' असं लिहायचं. आता आमची इमारत शिफ्टवाल्यांची. मी बस डेपोत तिकीट खिडकीवर, पहाटे पाच ते दुपारी एक. माझ्या वर हॉटेलात काम करणारं जोडपं, खाली इस्पितळातली नर्स. तळमजल्यावर लॉन्ड्रीवाले काका दुकानामागच्या खोलीत राहतात, तेही अकरा वाजता शटर ओढून इस्पितळाच्या चादरी पोचवायला जातात. अकराला अख्ख्या इमारतीत माझ्या समोरच्या दारातल्या आजी तेवढ्या घरी असतात. आणि भाऊजींना शाळेत मोकळा तास असतो तो नेमका अकराचा.

कच्ची यादी चौकातल्या फळ्यावर लागली, ती काकांनी आधी वाचली. पस्तीस वर्षांत या माणसानं एकही मतदान चुकवलेलं नाही. वर येऊन ते दारातच उभे राहिले. "ताई, आपल्या इमारतीतली बत्तीस नावं काढलीत. माझं आहे, तुमचंही आहे. तुमच्या भाऊजींना जरा विचारता का?"

भाऊजींना विचारण्याआधी मी निवडणूक कचेरीत गेले. कारकुनानं तपासणीचा कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या नावापुढं तीन तारखा होत्या. तीन, अकरा आणि एकोणीस. पहिली निळ्या शाईत, दुसरी काळ्या, तिसरी पुन्हा निळ्या पण जाड टोकाच्या पेनानं. प्रत्येकीपुढं 'दार बंद'. बत्तीसही नावांपुढं हेच, याच तीन शाया.

उलगडा समोरच्या आजींनी केला. त्यांनी दाराच्या भिंगातून सगळं पाहिलं होतं. "तुमचे पाहुणे महिनाअखेरीला एकदाच आले, दार वाजवलं, लिहिलं. मग खिशातून दुसरं पेन काढलं, परत वाजवलं, परत लिहिलं. मग तिसरं. मला वाटलं पेनं तपासतायत. चौथ्या मजल्याचं तर त्यांनी इथूनच वर मान करून लिहिलं. मी दार उघडलं तेव्हा मला म्हणाले, आजी, तुम्ही फार जबाबदार नागरिक आहात."

इथपर्यंत मी समजून घेतलं असतं. पाट्या टाकणारी माणसं मी डेपोत रोज बघते. पण अकरा तारीख. अकराला रविवार होता, माझ्या सुट्टीचा. ताईकडे स्वयंपाकघराच्या नळाचं काम निघालं होतं, म्हणून ती दोघं माझ्याकडे जेवायला होती. कागदावर वेळ लिहिली होती दुपारी साडेबारा. साडेबाराला भाऊजी माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आमटीत मीठ कमी असल्याचं सांगत होते, आणि तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेले. भाऊजींनी कानावर हात ठेवले नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. शांतपणे म्हणाले, "अगं, एक तारीख तरी खरी हवी ना. त्या दिवशी मी इमारतीत आलो होतोच."

हा त्यांचा प्रामाणिकपणा. मला हसूही आलं नाही.

मग म्हणाले, "तुझं नाव मी नव्यानं घालून टाकतो. घरचंच काम आहे. अर्जबिर्ज कशाला करतेस?"

"आणि बाकीचे एकतीस?"

"त्यांचं त्यांना कळायला नको? मतदार म्हणजे काय लहान मूल आहे?"

ताई मला दारापर्यंत सोडायला आली. "घरातलं भांडण कचेरीत नेऊ नकोस," म्हणाली. "यंदा त्यांचं मुख्याध्यापकपदासाठी नाव आहे." खरं सांगते, जिना उतरताना मी दोन पायऱ्यांवर थांबले. एका शब्दात माझं काम झालं असतं. मग काका दारात कसे उभे होते ते आठवलं, आणि मी अर्ज केला. बाकीच्यांनाही सांगितलं. पण रजा कोण देतंय? आधी तुमचं काय होतं ते बघू, असंच सगळे म्हणाले.

सुनावणी हरकतींच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोनला लागली. अधिकारीणबाई दमलेल्या होत्या, पण कागद वाचणाऱ्या होत्या. मी सांगितलं, "मॅडम, या वेळी दार बंद नव्हतं. हे स्वतः आत जेवत होते."

मॅडमनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी चष्मा पुसला. "मॅडम, त्या दिवशी मी तिथं नातेवाईक म्हणून गेलो होतो. नातेवाईक म्हणून दार उघडं होतं. तपासणी अधिकारी म्हणून मी दार वाजवलंच नव्हतं, त्यामुळे ते उघडण्याचा प्रश्न येत नाही."

बावीस वर्षांत त्यांनी एवढा विचार करून केलेलं हे पहिलंच विधान असावं. खोलीतला कारकून खाली बघून कागद लावायला लागला.

मॅडमनी माझं नाव परत घातलं आणि भाऊजींना लेखी समज दिली. मी म्हटलं, "बत्तीसही नावांपुढं याच तारखा आहेत. माझ्या खोट्या, तर सगळ्यांच्या खोट्या."

"तुमच्यापुरतं बोला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "ज्याचं नाव, त्याचा अर्ज. स्वतः यायचं. पाच वाजता मला दार बंद करावं लागेल."

अडीच वाजले होते. मी कचेरीच्या जिन्यात बसून एकेकाला फोन लावले. हॉटेलातली दोघं ॲप्रनसकट आली. नर्सला मेट्रननं अर्धा तास सोडलं. पाचपर्यंत अकरा जण झाले. काकांचा फोन दुकानात वाजत राहिला, कारण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला चादरी पोचवायला गेले होते. निरोप मिळाल्यावर ते धावत आले. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. शिपायानं त्यांना पाणी दिलं, अर्ज घेतला नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी कापडी फलक होता, 'मतदान आता अधिक सोपे'. त्याखाली मदतीचं टेबल, आणि टेबलामागं यादी घेऊन भाऊजी. लेखी समज म्हणजे एक औपचारिकता असते, असं त्यांनी ताईला पटवलं होतं. या टेबलावर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हेही खरं. मला त्यांनी अनोळखी बाईला द्यावी तशी चिठ्ठी दिली आणि खोलीचा नंबर सांगितला.

माझ्या मागं काका होते. नाव नाही हे त्यांना माहीत होतं. तरी सकाळी दाढी करून, स्वच्छ कपडे घालून, कागदांची पिशवी घेऊन आले होते. कुणीतरी चुकून घातलं असेल, म्हणाले.

भाऊजींनी बोट फिरवलं. "नाही. तुम्ही इथं राहत नाही."

"साहेब, पस्तीस वर्षं राहतोय."

"कशावरून?"

काकांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "साहेब, हा तुमच्या अंगातला शर्ट. काल रात्री दुकान बंद झाल्यावर तुम्ही मागचं दार वाजवून नेलात. कुणी उघडलं दार?"

भाऊजींनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. घडी अजून मोडली नव्हती. रांगेतली माणसं आपापली ओळखपत्रं काढायला लागली. मी बाजूला सरकले. माझी चिठ्ठी माझ्या हातात होती.

"शर्ट पुरावा म्हणून चालत नाही," भाऊजी म्हणाले, आणि पुढच्या माणसाला त्यांनी नाव विचारलं.