कुरडयांची चोरटी

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल!

आम्ही प्रताप नगरात वरच्या मजल्यावर राहतो, खाली घरमालकीण मालतीकाकू. इंटरनेट दोघांत एकच, राउटर काकूंच्या बैठकीत. कॅमेरेही जोडीने घेतलेले, पासवर्डसुद्धा एकच. एक आमच्या गच्चीवर, एक त्यांच्या अंगणात.

गेल्या उन्हाळ्यात आईने दुखऱ्या गुडघ्यांनी ताईच्या सासरसाठी कुरडया घातल्या, गच्चीत बाजेवर वाळत टाकल्या आणि कन्हानला मावशीकडे गेली. जाताना म्हणाली, "लक्ष ठेवजो बाप्पा, यंदा पुन्हा नाही होत माझ्यानं."

मी कशाला घरी बसतो? इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानातून गच्ची दिसावी म्हणून मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. म्हणजे काय, तर बाहेरून माझा फोन दार ठोठावतो, राउटरने त्याला अमुक नंबरच्या कॅमेऱ्याकडे धाडायचं. तो नंबर कायमचा पक्का करायचा असतो. ते राहिलं. पण दुकानात मिरवलं किती, ते विचारू नका!

दुसऱ्या दिवशी दुपारी घरची लाइट जाऊन आली. उन्हाळ्यात त्याचं कोणाला काय? मग अवकाळी आभाळ भरून आलं. मी फोन उघडला आणि काय बघतो! डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली एक बाई बाजेवरच्या कुरडया भराभर टोपल्यात भरतेय!

मी काकूंना फोन लावला. "काकू, धावा! गच्चीवर चोर आहे!"

तेवढ्यात त्या बाईनेही फोन कानाला लावला.

"काकू, ती फोन करून राहिली! साथीदार बोलवला तिनं!"

"थांब गा, पायतोच तिले!" काकू ओरडल्या. इकडे बाईने टोपलं टाकलं आणि धूम ठोकली.

"पळाली, काकू! तुमच्या धाकानं पळाली!" मी आनंदाने दुकानात नाचलो.

धो धो पाऊस पडला. घरी पोचलो तर आमच्या कुरडया काकूंच्या बैठकीत, कोरड्या ठणठणीत. आणि अंगणात काकूंच्या कुरडयांचा नुसता चिखल! शेजारी खुर्चीवर तोच दुपट्टा.

लाइट आल्यावर राउटरने नंबर नव्याने वाटले होते. आमचा नंबर मिळाला काकूंच्या कॅमेऱ्याला. बाजही त्यांची, कुरडयाही त्यांच्याच!

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. काकू पोट धरून हसल्या. "काहून रडून राहिला गा? वर चोर नाही दिसला, पण पाऊस आला. मंग तुयाच कुरडया उचलल्या. तुयी माय गुडघे धरून बसली होती त्याच्यापायी."

मला खरंच भरून आलं. स्वतःच्या सोडून आमच्या वाचवल्या त्या बाईने, आणि मी तिलाच चोर म्हटलं! आईने अर्ध्या कुरडया काकूंना दिल्या, तरी त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

यंदा आईने कॅमेऱ्यावर विश्वास टाकला नाही. छत्री घेऊन बाजेपाशी मीच बसतो. नंबर आता पक्का केलाय, पण गच्ची बघतात काकू, खाली कूलरपुढे बसून. माझी मान जरा कलली की फोन वाजतो.

"ऊठ गा! चोर आला!"