भिंतीवरचे चार आकडे

फोन आला तेव्हा मी बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात शिडीवर होतो. निपाणीहून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बोलत होत्या. "सर गेले रं... न्हाणीत बादलीत हात घातला आन् गेले." आयटीआयमध्ये आम्हाला वायरमनचं काम शिकवणारे सर, विजेचा झटका बसून! बरोबरच्या दोघांना तर हसूच आलं. मला आलं नाही. बादलीत पाणी तापवायचा रॉड होता, हे काकूंनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

सर प्रेमळ होते असं मी लिहिणार नाही. दुष्ट होते. येळ्ळूरहून सायकल मारत वर्गात पोचलो की मला फळ्यापाशी उभं करायचे. "व्होल्ट दोनशे तीस, अँपिअर पाच. रेझिस्टन्स सांग." मी गुणाकार करायचो. "आरं, गुणलंस तर वॅट येत्यात! भाग की. तुझ्या डोस्क्याचा रेझिस्टन्स किती रं? आत कायच शिरत न्हाय." वर्ग खिदळायचा, आणि ते हसू ओसरेपर्यंत सर मुद्दाम थांबायचे. शेहेचाळीस ओहम हे उत्तर मी रडत शिकलो.

त्यांची एक खोड होती. कुठलाही पॉइंट झाला की ते बोर्ड उघडून आतली एकेक वायर ओढून बघायचे, आणि मगच शेजारी भिंतीवर पेन्सिलीने चार आकडे लिहायचे. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट. खाली काम करणाऱ्याचं नाव.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी निपाणीत घर बांधलं तेव्हा वायरिंगला मलाच बोलावलं, आणि आठ दिवस गवंड्यांसमोर, काकूंसमोर माझी सालटी काढली. शेवटी न्हाणीघराचा पॉइंट राहिला. "हितं तरी अक्कल वापर," म्हणाले. माझं डोकं फिरलं. रॉड फुटून वीज पाण्यात उतरली तर तिला जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर मी जोडलीच नाही. बोर्डात दुमडून ठेवली आणि झाकण लावलं. उघडतील, बघतील, शिव्या देतील, मग म्हणायचं, आता तुम्हीच जोडा!

सरांनी रॉड लावला, मीटर बघितला. "दोनशे तीस व्होल्ट, साडेसहा अँपिअर. बोल."

"पस्तीस ओहम, दीड हजार वॅट," मी तोंडीच सांगितलं.

"बरोबर," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि बोर्ड न उघडताच पेन्सिल काढली. त्या चार आकड्यांत अर्थिंग कुठेच दिसत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ते 'बरोबर' मला इतकं गोड लागलं की मी मुकाट्याने बेळगावची बस धरली. रॉड धड आहे तोवर काही होत नाही, अशी समजूत घालत सहा वर्षं काढली. रॉड यंदा फुटला.

बाराव्याला गेलो. पंगत बसली तसा न्हाणीघरात शिरून झाकण खोललं. हिरवी वायर तशीच दुमडलेली होती. ती जोडत होतो, तेवढ्यात काकू दारात आल्या.

"तपासतोस व्हय? नगं रं. तुझं काम म्हणून ह्यांनी कधी उघडून बघितलं न्हाय. त्याचं गणित चुकत न्हाय, म्हणायचे."

मी स्क्रू आवळला, हात धुतले आणि पंगतीत जाऊन जेवलो.

आता घराला रंग द्यायचाय, पण न्हाणीतली तेवढी भिंत काकू सोडणार आहेत. रविवारची पुरवणी त्या चहाबरोबर वाचतात. हेही वाचतील, आणि उठून तिकडेच जातील... तिथे सरांच्या वळणदार अक्षरात चार आकडे आहेत, चारही बरोबर. खाली माझं नाव आहे.