अठरा ठिगळं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. ज्या दोघांना सांगायला हवं होतं, ते दोघेही आता नाहीत. म्हणजे सांगण्यात आता कसलाच धोका उरलेला नाही, हेही मला कळतं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तेव्हा बसा जरा. मुद्द्यावर यायला मी वेळ लावीन. इतकी वर्षं लावलाच आहे की.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आम्ही धुळ्याला राहायचो आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. समुद्र मी पाहिलेला नव्हता. आमचं पाणी म्हणजे पांझरा, तेही पांझरेत असलं तर. अशा मुलीला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचं वेड लागावं — हसायला येतं ना? माझा भाऊ पोट धरून हसायचा. म्हणायचा, बैलांच्या शर्यती काय वाईट आहेत, निदान धूळ तरी अंगावर उडते.

पण लागलं खरं वेड. वाचनालयात मुंबईचा इंग्रजी पेपर यायचा, चाळीसगावच्या गाडीने, एक दिवस शिळा होऊन. मी तो इंग्रजी सुधारावं म्हणून वाचायला घेतला होता. खेळांच्या पानावर, क्रिकेटच्या पसाऱ्याखाली, कोपऱ्यात पाच ओळी होत्या. देशोदेशीच्या होड्या निघाल्या आहेत, नुसत्या वाऱ्यावर सगळ्या पृथ्वीला वळसा घालणार आहेत, सहा-सात महिने लागतील. पाच ओळी फक्त. त्या रात्री मी शाळेतला जुना नकाशा काढला आणि पेन्सिलीने एक ठिपका दिला.

मग ठिपक्यांची सवयच लागली. कधी चार दिवसांनी बातमी यायची, कधी पंधरा दिवस काहीच नाही. त्यातली एक होडी मी माझी म्हणून धरली होती. का, ते विचारू नका. ती कायम मागे असायची, म्हणून असेल. कुठल्या तरी थंडगार समुद्रात कुणी अनोळखी माणसं भिजत होती आणि इकडे मी भाकऱ्या थापताना वारा कोणत्या दिशेचा असेल याचा विचार करत होते. मला त्या दिवसांत फार सुख होतं. हे सांगायला लाज वाटते, पण होतं.

आता वाचनालयाचं सांगते. माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — तिथले कार्यवाह होते. पगार नाही, मान होता. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर ते दिवसभर घुम्यासारखे बसायचे. आणि तिथे भिकानाना होते. वाचनालयाचे शिपाई. मागच्या खोलीतच राहायचे, बायको वारलेली, एकुलती मुलगी यावलकडे दिलेली. सकाळी पेपर लाकडी काठ्यांना अडकवायचे, संध्याकाळी उतरवून फळीवर रचायचे. महिना संपला की ते सगळे अंक मांडीवर घेऊन, एकेक पान सारखं करत, दाभणाने शिवून त्यांचा गठ्ठा बांधायचे. एकेक पान — हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

नानांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण मी नकाशा उघडून बसले की झाडू टेकवून उभे राहायचे.

"काय वं माय, तुन्ही होडी कथी शे आते?"

होडी आता कुठे आहे ते मी सांगायची. त्यांचे वडील तापीवर नाव चालवायचे, त्यामुळे त्यांना प्रश्नही खरे पडायचे. शीड फाटलं तर शिवतं कोण? पिण्याचं पाणी किती दिवस पुरतं? मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं यायची नाहीत. मग मी ठोकून द्यायची. ते मान हलवायचे. घरात कुणी ऐकायला तयार नव्हतं, नाना ऐकायचे.

आणि मी त्या बातम्या कापत होते.

झालं सांगून? नाही, हे नुसतं निम्मं आहे. कंपासपेटीत ब्लेडचं अर्धं पातं ठेवायची. दुपारी बायकांच्या बाकावर कुणी नसायचं. फळीवरचे जुने अंक काढायचे, वर पुस्तक ठेवायचं, चार रेघा मारायच्या. कात्रण वहीत. कार्यवाहांची मुलगी! माझ्यावर कोण संशय घेणार? कापलेलं पान मी पुन्हा कधी उघडून पाहिलं नाही. जे आपण फाडलं ते परत बघायला कोण जातं?

मग ती मोठी बातमी आली, चित्रासकट. एका होडीची डोलकाठी मोडली होती, ती भर समुद्रात हेलकावे खात पडली होती. माझ्या होडीचा कप्तान कधी नव्हे तो तिच्या पुढे निघून गेलेला. त्याला कळलं, आणि तो मागे वळला. स्वतःची शर्यत टाकून, उलट्या वाऱ्यात, दोन दिवस मागे. ते नानांना सांगताना मी रडले.

"मांगे फिरना? शर्यत सोडीसन?"

"हो नाना."

त्यांनी टेकवलेला झाडू उचलला. मग म्हणाले, "मानूस शे तो." आणि झाडायला लागले.

आठवड्याने मी ते चित्र कापलं आणि नानांना दिलं. म्हटलं, मामेभावाने मुंबईहून पाठवलंय. किती सहज म्हटलं! त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चित्र त्यांच्या खोलीत गेलं, देवांच्या फळीखाली, भिंतीवर.

पुढे महिनाभराने कमिटीतल्या एका वकिलांना जुन्या अंकातली एक जाहीर नोटीस हवी होती. गठ्ठा उघडला, तर नोटिशीच्या जागी, म्हणजे खेळांच्या पानाच्या मागच्या बाजूला, पांढऱ्या कागदाचं ठिगळ. अण्णा एकेक महिन्याचा गठ्ठा काढून पानं उलटत गेले. अठरा ठिगळं निघाली. मी बायकांच्या बाकावर होते. मी उठून पाहिलं, आणि परत बाकावर जाऊन बसले. कारण भोकं मला ठाऊक होती, ठिगळं ठाऊक नव्हती. मी कापलेल्या प्रत्येक भोकावर कुणीतरी मापाचा कागद खळीने चिकटवला होता — पान पुढे फाटू नये म्हणून. इतका नीट, की बोट फिरवलं तरी कड लागू नये.

खळ कुणाकडे असते? नानांकडे. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. दर महिन्याला, एकेक पान सारखं करताना.

"हे तू चिकटवलंस?" अण्णांनी विचारलं.

"हाव. चिकटाडं मीच."

"आणि कापलं कुणी?"

नानांनी उघडं पान हाताने सारखं केलं. वकील खळीचं भांडं बघायला मागच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचं चित्र काढून घेऊन आले. अण्णांनी ते ठिगळावर ठेवलं. चारी कडा जुळल्या.

तिथून माझा बाक दहा पावलांवर होता. दहा पावलं हो! दोन दिवस उलट्या वाऱ्यात मागे गेलेल्या माणसासाठी मी रडले होते ना?

"तुला इंग्रजी येत नाही. मग कशाला कापलंस?" अण्णांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं.

"चित्र चांगलं व्हतं, अण्णा," नाना म्हणाले. "बठ्ठं मीच कापं." सगळं स्वतःवर घेतलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदासुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. पाहिलं असतं तरी मी हातातलं पुस्तक वाचत राहिले असते.

नाना त्याच आठवड्यात गेले. खोली सोडावी लागली, यावलला मुलीकडे गेले असं कळलं. जाताना दाभण, सुतळी, झाडू, सगळं जागच्या जागी ठेवलं होतं आणि खळीचं भांडं घासून उपडं घातलं होतं. मी बघायला गेले नाही, हे दुसऱ्यांकडून ऐकलं. त्या दिवशी अण्णा जेवताना म्हणाले, "तीस वर्षं बरोबर काढली, पण मला माणूस ओळखता आला नाही." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. ते वारले तोवर, वाचनालयाचा विषय निघाला की हेच म्हणायचे. पुढे त्यांनी कुणाही नोकरावर विश्वास टाकला नाही. मी एका माणसाची नोकरी घेतली आणि दुसऱ्याचा विश्वास घेतला, तेही एका जागी बसून.

तुम्हाला वाटेल, यानंतर होड्या सुटल्या असतील. नाही सुटल्या. मी ठिपके देत राहिले. शर्यत संपली, माझी होडी सगळ्यांच्या शेवटी पोहोचली, बातमी तीन ओळींची होती. फळीवर आता नवा शिपाई अंक रचायचा. मी आजूबाजूला पाहिलं आणि तीही कापली.

लग्न होऊन जळगावला आले. चार-पाच वर्षांनी एसटी स्टँडवर नाना दिसले. यावलच्या गाडीची वाट पाहत बसले होते. केळीच्या बागेत काम करत होते, चिकाने बोटं काळी झालेली. मीच आधी ओळखलं आणि तोंड फिरवणार होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. मुलंबाळं विचारली, अण्णांचं विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणाले. मग जरा पुढे वाकून —

"वं माय, ती होडी पोहचनी का?"

म्हणजे त्यांना शेवट कळलाच नव्हता. कोण सांगणार होतं?

"पोहोचली नाना. सगळ्यांच्या शेवटी."

"पोहचनी ना! माले वाटेच." इतका आनंद झाला त्यांना. बाजूच्या माणसाला सांगायला लागले — कोणती होडी, कोणता समुद्र, कप्तान मागे कसा फिरला. एकही गोष्ट विसरले नव्हते. ठोकून दिलेली माझी उत्तरंसुद्धा.

तोवर गाडी लागली होती, पण सुटायला वीस मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं होतं. त्या वीस मिनिटांत मी केळीचा भाव विचारला, पावसाचं विचारलं. मग गाडी गेली. पुढे दोन-तीन वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

अण्णा गेल्यावर एकदा धुळ्याला त्या वाचनालयात गेले होते. ते गठ्ठे काढून घेतले. सतरा ठिगळं तशीच आहेत, कागद पिवळा पडलाय, कड अजून सुटलेली नाही. अठराव्या ठिगळावर अण्णांनी ते चित्र परत लावलंय, बहुधा नाना जायच्या आधीच, त्यांच्याच खळीने. ते एक त्याच्या जागी गेलं. बाकीची कात्रणं माझ्याकडे आहेत.