कारल्यासारखी पाल

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रकल्पासाठी पाली हा विषय घेतला, तेव्हा घरात कोणी फारसं बोललं नाही. बोलली ती आमच्या खांदा कॉलनीतल्या इमारतीत मासळी घेऊन येणारी मावशी.

"पाली बगाया कालेजात जावं लागतं? आमचे हिरीत ये. तिथली पाल कारल्यासारखी हाय, काट्यांची."

मी हातातली वही खाली ठेवली. अंगावर काटेरी खवले असलेली एक पाल फक्त कोकण किनारपट्टीतच सापडते, असं प्रकल्पाचे सर वर्गात म्हणाले होते. त्यांनाही ती बरीच वर्षं दिसली नव्हती.

रविवारी मी मावशीच्या गावी गेले. घरामागे जुनी दगडी विहीर होती आणि तिच्या कठड्याशी तिचा नवरा सिमेंट कालवत बसला होता. दगडांतल्या फटी तो त्याच दिवशी बुजवणार होता.

"जरा थांबा काका," मी म्हटलं आणि पर्समधला आरसा काढून ऊन फटीत टाकलं. दोन फटी रिकाम्या निघाल्या. तिसरीत ती होती. मातकट रंग, पाठभर बारीक काटेरी दाणे, आणि डोळे स्थिर. मी घाईघाईने मोबाइल काढला; पहिले तीन फोटो नुसत्या दगडाचे आले.

मावशी माझ्या खांद्यावरून वाकली. "ही दुसरीकडं नाय ना कुठं? घाटावर पन नाय?"

"नाही. फक्त आपल्या किनाऱ्याला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलास? ही बाजू नाय बुजवायची."

"आनि भिंत पडली तं?"

"तं पडंल. दुसरी बांदू."

काका पुटपुटत राहिले, पण त्यांनी सिमेंट उरलेल्या तीन बाजूंनाच लावलं. मला मात्र त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी.

फोटो पाहून पुढच्या रविवारी सर आले. खात्री करून घ्यायला बराच वेळ पालथे पडून फटीत बघत होते. उठले तेव्हा शर्टाला शेवाळ लागलं होतं आणि चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा दिसत होता. काकांनी त्यांना हात धरून उभं केलं आणि विचारलं, "सर, हिचा खाना काय?"

सर सांगत बसले. काका नीट ऐकत होते.